विरजण, धापोडे आणि उधारीची वही

जानेवारीत दुकानदाराने उधारीची वही समोर ठेवली. तेल-साखरेच्या नोंदी मोजक्याच, पण पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांनी पान भरलेलं. दोन लेकरं, प्रत्येकाच्या रोज दोन पुड्या, म्हणजे दिवसाचे २० आणि महिन्याचे ६०० रुपये. वरून आठवड्यातून दोनदा दह्याचा पाऊच. आणि आमच्या गोठ्यात गाय उभी! वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव, गाय गवळाऊ जातीची. ती फार दूध देत नाही, दोन्ही वेळचं मिळून अडीच-तीन लिटर, पण घराला पुरून उरतं. कापसाचे पैसे पीककर्जात गेलेले, पुढच्या दिवाळीपर्यंत हात आखडूनच चालायचं होतं. त्या दिवशी ठरवलं, लेकरांचा खाऊ आणि घरचं दही विकत आणायचं नाही.

दह्यापासून सुरुवात केली आणि तिथेच अडकले. माझं माहेर शहरातलं, दही नेहमी विकतचंच पाहिलेलं. थंडीत रात्री विरजण लावायची, सकाळी दूध तसंच्या तसं. मग विरजण वाढवत गेले. एक चमचा, दोन चमचे, अर्धी वाटी. कसंबसं दही लागलं तर आंबटढाण, वर हिरवट पाणी आणि खाली कणी. एका रात्री दूध कढत असतानाच घाईने विरजण घातलं, ते लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी वास मारणारं लिटरभर दूध फेकताना मला रडू आलं. गायीसमोर जायची लाज वाटली, खरं सांगते.

सासूबाई तोवर बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी चुलीजवळ बसवून म्हणाल्या, "विरजणात जीव असते बाई. लय गरम दुधात घातलं त मरते, थंड दुधात घातलं त झोपून राहते. बोट बुडव, दहा मोजतपर्यंत ठेवता आलं पाहिजे. चटका बसला त थांब."

याहून सोपं शास्त्र मला कोणी सांगितलं नव्हतं. दही लावणारे जिवाणू ४० ते ४५ अंशांच्या आसपास जोमाने वाढतात, त्याहून खूप गरम दुधात ते मरतात आणि गार दुधात सुस्त पडतात. म्हणजे माझी चूक दुधाच्या उष्णतेत होती आणि मी विरजणच वाढवत बसले होते. दुसरी गोष्ट, उकळी आल्याबरोबर दूध उतरवायचं नाही. मंद आचेवर आणखी दहा मिनिटं ढवळत ठेवायचं. त्याने दुधातली प्रथिनं अशी बदलतात की दही घट्ट धरतं आणि पाणी कमी सुटतं.

त्या रात्री लिटरभर दुधाला छोटा चमचाभर विरजण, तेही आधी वाटीत फेटून घातलं. गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, जुन्या गोधडीत गुंडाळला आणि तुरीच्या कुटाराने (भुश्याने) भरलेल्या टोपल्यात दाबून ठेवला. कुटार ऊब धरून ठेवतं. सकाळी झाकण काढून गंज जरा तिरपा केला. दही हललं नाही. चमचा घातला तर सुरीने कापल्यासारखी सरळ कड उमटली, पाण्याचा थेंब नाही. धाकटी तिथेच ताटली घेऊन बसली.

खाऊचं गाडं त्या मानाने लवकर मार्गी लागलं. मुरमुरे आधी उन्हात कडक तापवायचे, म्हणजे कमी तेलातही चिवडा कुरकुरीत राहतो. गोडलिंब (कढीपत्ता), दाणे, फुटाण्याची डाळ, हळद-तिखट, एवढंच. मोठा डबा आठवडाभर जातो.

खरी मेहनत धापोड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची. होळी झाल्यावर दोन किलो घरची ज्वारी भिजत घातली. तीन दिवस रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून गाळून घेतली. पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, तीळ, जिरं आणि मिरची-लसणाचा ठेचा घातला, मग वाटण ओतत ढवळत राहिले. हात दुखला म्हणून लवकर उतरवलं आणि तिथेच फसले. कच्चं राहिलेलं पीठ ओल्या धोतरावर पसरलं खरं, पण वाळल्यावर सगळं तडकलं. दुसऱ्या खेपेला चकाकी येईपर्यंत शिजवलं. ओलं बोट लावलं की पीठ चिकटायला नको, ही खूण. बाजेवर धोतर अंथरून वाटीने गोल पसरले. दोन दिवसांनी धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं, तेव्हा एकेक धापोडा अख्खा सुटून आला. लेकरांनी तर आदल्या दिवशीच कडेचे अर्धओले धापोडे तेल आणि कच्चे दाणे घेऊन संपवले. मी त्यांना अडवलं नाही, ती चव विकत मिळतच नाही. पहिल्या खेपेचे तुकडेही तळून कांद्यासोबत खाल्ले.

मे महिन्यात दही पुन्हा बिघडू लागलं, आता उलट कारणाने. पारा ४५ च्या घरात, चार तासांत दही आंबट. विरजण अर्ध्या चमच्यावर आणलं, गंजाच्या जागी मातीचं गाडगं घेतलं आणि ते ओल्या रेतीत ठेवलं. मातीत पाणी मुरतं, गाडगं गार राहतं आणि दही घट्ट होतं. तरी एखाद्या दिवशी आंबायचंच. ते फेकलं नाही. त्यात मीठ घालून चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या मुरवल्या, दिवसा उन्हात आणि रात्री परत त्याच दह्यात, दही आटेपर्यंत. पावसाळ्यात वरण-भातासोबत तळलेली एक मिरची पुरते.

जूनमध्ये वही पाहिली तेव्हा पुड्यांची एकही नोंद नव्हती, पण तेल थोडं वाढलं होतं. दुकानदाराने काही विचारलं नाही.

परवा शेजारची वहिनी वाटी घेऊन विरजण मागायला आली. तिन्हीसांज व्हायची होती. सासूबाईंनी आतून आवाज दिला, "दिवा लागायच्या आधी देऊन टाक वो, आन तिले बोटाचं सांग."