रात्री भिजत घाला, मग बघू

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी परवा एक यादी घेऊन आली. किन्वा, चिया, बदामाचं दूध, कुठल्याशा परदेशी भोपळ्याच्या बिया. तिला आता ‘प्लांट बेस्ड’, म्हणजे वनस्पतींपासूनचंच, खायचंय, शक्यतो अख्खं, कमी प्रक्रिया केलेलं. विचार उत्तम. पण मी पडले अकाउंट्सवाली, माझी नजर आधी बेरजेवर गेली. आठवड्याचं सामान आणि बेरीज आमच्या घरच्या महिन्याच्या कडधान्यांपेक्षा जास्त! तिला म्हटलं, हे सगळं राहू दे, तुझ्या घरी मटकी आहे का? तर आहे म्हणाली, डब्यात, केव्हाची तरी.

सगळ्यांच्याच घरी ती असते. मटकी, मूग, चवळी, हरभरे, काहीतरी असतंच. सामानाअभावी कुणाचं अडत नाही, अडतं ते सकाळी सहा वाजता. डबे भरायचे असतात, लोकल गाठायची असते आणि मटकी डब्यात कोरडी ठणठणीत. मग बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळी. उद्या आपण काय खाणार हे आज रात्री भांडी आवरताना ठरतं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे कुणी विचारलं की मी पाककृती सांगत नाही, भिजवण्याचं वेळापत्रक सांगते.

मटकी रात्री धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालायची. सकाळी उपसायची, पाणी फेकायचं आणि ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची, खाली ताटली. संध्याकाळी आलं की फडक्यावर थोडं पाणी शिंपडायचं. दुसऱ्या सकाळपर्यंत आमच्या ठाण्याच्या हवेत चांगले मोड येतात. म्हणजे रविवारी रात्री भिजवलेली मटकी मंगळवारच्या डब्याला. इथेच लोक कंटाळतात, दोन दिवस आधी कोण विचार करणार म्हणून. म्हणून मी ती साखळी चालूच ठेवते: एक भिजतंय, एक फडक्यात आहे, एक मोड येऊन फ्रीजमध्ये आहे. एकदा फिरायला लागली की विचार करावा लागत नाही. एक वाटी मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, त्यामुळे फार भिजवू नका, नाहीतर चार दिवस घरात मटकीच. मे महिन्यात मोड जरासे दिसले की लगेच फ्रीजमध्ये टाका, नाहीतर आंबूस वास येतो. थंडीत ते गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं की होतं.

मोड आलेल्या मटकीला कुकर लागत नाही. फोडणी, कांदा, थोडं पाणी, झाकणावर पाणी ठेवून वाफ, शेवटी गोडा मसाला आणि गुळाचा खडा. वरून लिंबू पिळायचं. हे लिंबू फक्त चवीसाठी नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. कच्चे मोड मात्र मी सासूबाईंना देत नाही. दमट उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना वाफवूनच द्यावे.

मूग मटकीसारखेच. चवळीला मोडांची गरज नाही, रात्रभर भिजली की पुरे. हरभरे, छोले भिजवून कुकरला. राजमा नीट शिजलाच पाहिजे, कच्चट राजमा पोट भयंकर बिघडवतो, त्यात हयगय नको. वालाचं बिरडं फक्त रविवारी, कारण मोड आलेले वाल सोलायला माणसं लागतात. टीव्हीसमोर परात ठेवली की घरातले आपोआप बसतात, हा सासूबाईंचा शोध.

आणि भिजवायचं राहिलंच तर? अख्खा मसूर न भिजवताही कुकरमध्ये शिजतो. नाहीतर कुळथाचं पीठ आहेच. सासूबाई मालवणकडच्या, त्यामुळे कुळथाची पिठी आमच्याकडे पाहुणी नाही, घरचीच. फोडणीत लसूण, मिरची, पाणी, आमसुलं, पिठाची पेस्ट घालून ढवळत राहायचं, वीस मिनिटांत जेवण. भाताबरोबर. मला ती भाकरीबरोबर आवडते, यावरून आमचे मतभेद आहेत.

एक सावधगिरी. ज्यांच्या घरात आजवर पातळ वरणच चाललंय त्यांनी एकदम रोज उसळ सुरू करू नये. पोट फुगतं, मग कडधान्यांनाच बोल लागतो. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, हिंग सढळ हाताने घाला.

आता भाकरी. मी सोलापूरची, त्यामुळे या विषयावर माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नये. आमच्याकडची मालदांडी ज्वारी, रब्बीची, पाऊस सरल्यावर काळ्या रानात राहिलेल्या ओलीवर येणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्वारीच्या कुकीज, ज्वारीचे नूडल्स, ज्वारीचे केक यांच्या जाहिराती आल्या. भाकरीची एकही आली नाही.

लोक म्हणतात भाकरी जमत नाही, तुटते. बहुतेक वेळा हात दोषी नसतो, पीठ दोषी असतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग कितीही मळा, थापताना कडा फाटतातच. पाकिटातलं पीठ कधी दळलंय ते आपल्याला दिसत नाही. ज्वारी धान्य म्हणून आणा आणि गिरणीतून एका वेळी दोनच किलो दळून घ्या. नवशिक्यांनी उकड काढावी: पाण्याला उकळी आली की मीठ घालायचं, गॅस बंद करून पीठ टाकायचं, झाकण ठेवायचं, कोमट झालं की तळहाताने चांगलं रगडून मळायचं. ही भाकरी पोळपाटावर लाटतासुद्धा येते. माझी आई हे वाचणार नाही म्हणून लिहितेय, तिच्या मते लाटलेली ती भाकरीच नव्हे. थापलेली असो की लाटलेली, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर भाकरीला भेगा पडतात. दुसरी बाजू शेकली की सरळ आचेवर. पापुद्रा सुटून टम्म फुगते.

आमच्या घरात तोडगा असा निघाला: सकाळी डब्याला पोळी, रात्री भाकरी. गार भाकरी डब्यात चिवट होते अशी नवऱ्याची तक्रार होती आणि ती खरी आहे. त्यावर सोलापूरने फार पूर्वी उत्तर काढलंय, कडक भाकरी. पातळ, कुरकुरीत, हवाबंद डब्यात कितीतरी दिवस टिकणारी. गावाहून कुणी येणार असलं की मी ती आणि शेंगाची चटणी मागवते. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर बिस्किटाऐवजी कडक भाकरी चुरून, त्यात कच्चा कांदा, चटणी, थोडं दही. पाकीट फोडण्याइतकाच वेळ लागतो.

भाज्यांचं मला वाटायचं की आपण भरपूर खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला २००० कॅलरीच्या ताटासाठी भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस ८५ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम असा हिशेब आहे. आमचं घर चौघांचं. म्हणजे दिवसाला दीड किलोच्या वर भाजी! आणि आपण भाजीवाल्याकडे काय म्हणतो? “भेंडी पाव किलो द्या.” ती पाव किलो चौघांत, त्यातही नवरा भेंडी बाजूला काढणार. डाळीचंही तेच, एक छोटी वाटी डाळ शिजवून तिचं पातेलंभर वरण करायचं आणि सगळ्यांनी डाळ खाल्ली असं समजायचं. ताट भरतं ते भाताने आणि पोळीने.

म्हणून मी बदल केला तो प्रमाणात. पदार्थ तेच. अर्धा किलोशिवाय भाजी घेत नाही, एक शिजलेली भाजी आणि एक कच्ची कोशिंबीर ठरलेली. कोशिंबिरीला दही पाहिजेच असं नाही. गाजर किसून दाण्याचं कूट, लिंबू, मिरचीची फोडणी. कोबीची पचडी. खमंग काकडी. मुळा आणला तर पाला भाजीवाल्याला तोडू देऊ नका, तो मुळ्यापेक्षा कामाचा आहे. चिरून, लसणाची फोडणी देऊन, वरून डाळीचं पीठ पेरायचं. नवलकोलाचा कोवळा पालाही तसाच. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, दुधीच्या सालांचीही. हे काही नवीन नाही, फक्त घासून ठेवलेलं मिक्सरचं भांडं पुन्हा काढायचा आळस आड येतो.

पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या बाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली घेऊन बसतात. नाव माहीत नसलं तर त्यांनाच विचारा कशी करायची, त्या सांगतात, आणि शेवळं घेतलीत तर खाज जायला बरोबर काकडं, ती आंबट रानफळं, न्या म्हणून हातात ठेवतात.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे ऋषीपंचमीची भाजी. गणपती आले की दुसऱ्या दिवशी सासूबाई करतात. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही हा त्या दिवसाचा नियम, म्हणून धान्य नाही, डाळ नाही. अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, सुरण, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. अळू-सुरण खाजू नये म्हणून चिंच. हिरवी मिरची, मीठ, भरपूर ओलं खोबरं. फोडणी नाही, मसाला नाही. माझा लेक, जो दुधी बघून नाक मुरडतो, तो त्या दिवशी दोनदा वाढून घेतो. मी सासूबाईंना विचारलं, आई, ही एरवी का नाही करायची? “अगं, एरवी कुणी अडवलंय?” तेव्हापासून फ्रीजमध्ये चार भाज्यांचे उरलेसुरले तुकडे जमले की त्यांची ही भाजी होते.

लेक जिममध्ये जातो. त्याच्या खोलीत प्रोटीन पावडरचा एवढा मोठा डबा. मी त्याच्याशी वाद घालत नाही, फक्त ताटात भाकरी आणि उसळ एकत्र वाढते. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक; धान्यात लायसिन कमी असतं ते कडधान्यात असतं, आणि कडधान्यात मेथिओनिन कमी असतं ते धान्यात. हे त्याने स्वतःच मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवलं, जणू मीच विरोधात होते. शेंगदाण्याचा लाडू त्याला आता पिशवीत लागतो. जवसाची चटणीही घरात कायम असते. जवस भाजून कुटूनच खावं, अख्खा दाणा पचत नाही, तसाच बाहेर पडतो. कारळाची चटणी मात्र मलाच आवडते, बाकीच्यांना कडवट वाटते. उरते ती माझी.

आम्ही काही सगळं सोडलेलं नाही. सासूबाईंना रविवारी बांगडा लागतोच, दही रोज असतं. जे लोक दूध, अंडी, मासे सगळंच बंद करतात त्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाचं बघावं, वनस्पतींमधून ते भरवशाचं मिळत नाही, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं-पालेभाज्या वाढवण्याआधी विचारावंच.

नवऱ्याचा एकच किल्ला राहिलाय, चहा. जेवण झाल्याबरोबर चहा घेतला की जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे पटवून तो तासभर पुढे ढकलण्यात यश आलंय. चहाबरोबर मी फुटाणे ठेवते, उकडलेल्या शेंगा ठेवते, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा ठेवते. तो सगळं खातो, मनापासून कौतुक करतो आणि मग खारीचा डबा उघडतो.