बोनेर: होडीविना डायव्हिंग

कॅरिबियन समुद्रात डायव्हिंग करायचे म्हटले की कोझुमेल, केमन किंवा बेलीझ ही नावे आधी सुचवली जातात. मला विचाराल तर मी बोनेरचे नाव घेईन. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेले हे बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. मऊ वाळूचे लांबच लांब किनारे हवे असणाऱ्यांची येथे निराशाच होईल, कारण जमिनीवर पाहावे तर निवडुंग, मिठागरे आणि पाय सोलवटून काढणारे प्रवाळी खडक.

मात्र वारा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहत असल्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो, पाणी सहसा शांत असते आणि थोडे पोहून गेले की रीफचा, म्हणजे प्रवाळभिंतीचा, उतार सुरू होतो. म्हणूनच येथे होडीची गरज फारशी पडत नाही. मागे हवेच्या टाक्या ठेवलेला पिकअप भाड्याने घ्यायचा आणि रस्त्याच्या कडेला डाइव्हच्या जागेचे नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की थांबायचे. गाडीत मौल्यवान काही ठेवू नये आणि दारे उघडीच ठेवावीत, असा सल्ला येथे सर्रास दिला जातो, कारण चोरीपेक्षा फुटलेल्या काचेचा खर्च अधिक होतो. मालवण-तारकर्लीला होडीतून जाऊन, प्रशिक्षकाच्या हाताला धरून समुद्राचा तळ पाहिलेल्यांना ही मोकळीक प्रथम थोडी धास्तावणारी वाटेल. आपल्या जोडीदारासह वेळ, खोली आणि परतीची दिशा आपणच ठरवायची असते.

या मोकळिकीमागे कडक नियम आहेत. भाल्याने मासेमारी करण्यास १९७१ मध्ये आणि प्रवाळ तोडण्यास १९७५ मध्ये बंदी आली. १९७९ मध्ये सागरी उद्यान स्थापन झाले आणि आज भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा, बेटाभोवतीचा सगळा समुद्र त्यात येतो. रीफवर नांगर टाकता येत नाही. हातमोजेही चालत नाहीत, कारण मोजे असले की माणूस निर्धास्तपणे प्रवाळाला हात लावतो. पहिली डाइव्ह सोप्या जागी, तरंगण्याचे संतुलन तपासण्यासाठीच करावी लागते. अनुभवी मंडळी यावर कुरकुर करतात, पण मला हा नियम अगदी रास्त वाटतो.

जागांपैकी सर्वाधिक कुतूहल असते ते हिल्मा हुकर या जहाजाचे. १९८४ मध्ये बिघाड झाल्यामुळे बंदरात आलेल्या या सुमारे ७२ मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाची झडती घेतली, तेव्हा खोट्या भिंतीमागे दडवलेला गांजाचा मोठा साठा सापडला. मालक पुढे आला नाही, जहाजात पाणी शिरत राहिले आणि १२ सप्टेंबरला ते बुडाले. आता ते उजव्या कुशीवर पडलेले असून त्याचा वरचा भाग साधारण १८ मीटरवर, तर तळ ३० मीटरवर आहे. ‘ओपन वॉटर’ या डायव्हिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादाच १८ मीटर असल्यामुळे नवख्यांनी ते वरूनच पाहावे. मला स्वतःला सॉल्ट पिअर अधिक आवडते: मीठ चढवण्याच्या धक्क्याचे खांब स्पंजांनी रंगलेले असतात आणि त्यांच्या सावलीत माशांचे थवे जवळजवळ स्थिर उभे असतात. धक्क्याला जहाज लागलेले असेल, तर मात्र तेथे उतरता येत नाही.

केवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्यांनी क्लाइन बोनेर या समोरच्या निर्मनुष्य बेटावर जावे; पाण्याची टॅक्सी सोडते आणि प्रवाहाबरोबर रीफवरून तरंगत जाता येते. ‘हजार पायऱ्या’ या जागी प्रत्यक्षात पायऱ्या सत्तरच्या आतबाहेरच आहेत. पाठीवर टाकी घेऊन वर चढणाऱ्याला तो आकडा खोटा वाटत नाही, एवढे खरे.

सगळे काही आलबेल आहे असे मात्र नाही. २०२३ मध्ये दगडी प्रवाळांच्या ऊती झडवणारा रोग येथे पोहोचला असून मेंदूच्या आकाराचे जुने प्रवाळ त्याला चटकन बळी पडतात. त्यामुळे दुसऱ्या बेटावरून येत असाल तर आपले सामान निर्जंतुक करूनच पाण्यात उतरावे आणि येथेही एका जागेवरून दुसरीकडे जाताना तीच काळजी घ्यावी. परतीच्या विमानापूर्वी किमान १८ तास डाइव्ह करू नये; तो वेळ उत्तरेच्या वॉशिंग्टन-स्लाखबाय उद्यानासाठी आणि वाटेवरच्या गोटोमेर सरोवरातील रोहित पक्ष्यांसाठी राखून ठेवावा.