नोट्सची पीडीएफ मागितलीत म्हणून

"मॅडम, एमडी मायक्रोबायॉलॉजीला काय काय वाचलंत? नोट्सची पीडीएफ असेल तर पाठवाल का?" फायनलचे फॉर्म सुटले की हा मेसेज येतोच. मी "बघते" म्हणते आणि बघत नाही. आम्ही खस्ता खाल्ल्या, आता तुम्ही खा, असला खडूसपणा त्यात नाही. असला तर थोडासाच.

पहिल्या वेळी मी प्रॅक्टिकलला नापास झाले होते. थिअरीचे चारही पेपर सुटले होते, म्हणून जास्त लागलं.

लाँग एक्सरसाइजला, म्हणजे नमुन्यातला जंतू ओळखायच्या प्रॅक्टिकलला, पू आला होता. हिस्टरी: शेतकरी, गुडघ्याखाली जखम, आठ दिवस. दुसऱ्या दिवशी मॅककॉन्की या माध्यमावर गुलाबी कॉलनीज, म्हणजे लॅक्टोज फोडणारा जंतू. ई. कोलाय म्हणून मोकळं व्हायचं. पण ब्लड अगारवरची कॉलनी तारेच्या लूपने उचलून ऑक्सिडेज टेस्ट केली आणि फिल्टर पेपर जांभळा झाला, म्हणजे पॉझिटिव्ह; ई. कोलाय तर निगेटिव्ह असतो. खरं सांगते, मला आनंद झाला. शेत, जखम, साचलेलं पाणी: एरोमोनास! तिसऱ्या दिवशीच्या टेस्ट्स: टीएसआय पूर्ण पिवळं, गॅस, इंडोल पॉझिटिव्ह. सगळं जुळत गेलं. सिट्रेट निगेटिव्ह होतं, ते 'व्हेरिएबल' म्हणून सोडलं. मग कॉलनी गुलाबी कशी? काही स्ट्रेन लॅक्टोज फोडतात, हे वाक्य मला पानावरच्या जागेसकट पाठ होतं. कमी वाचलं असतं तर ई. कोलायच लिहिलं असतं.

एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, आवाजही चढवला नाही.

"लूप कुठला घेतलात?"

"नायक्रोम, सर."

"निगेटिव्ह कंट्रोल?"

लावला नव्हता. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्यांनी एटीसीसी 25922 ची प्लेट पुढे सरकवली. हा ई. कोलायचाच प्रमाण स्ट्रेन, ऑक्सिडेज निगेटिव्ह. "त्याच लूपने करा." केलं. पेपर जांभळा. सर पुढच्या टेबलाकडे गेले. मी लूप हातात धरून किती वेळ उभी होते, माहीत नाही.

रात्री होस्टेलवर पुस्तक उघडलं. नायक्रोमच्या लूपने खोटी पॉझिटिव्ह येते, प्लॅटिनम किंवा लाकडी काडी वापरा. त्या ओळीखाली पिवळा हायलायटर माझाच. समासात माझ्याच अक्षरात 'व्हायवा!!'

पुढचे सहा महिने मी ज्युनियर्सना सांगत फिरले, पुस्तकं बाजूला ठेवा, लॅबच्या बेंचवर बसा. तेही अर्धंच खरं होतं. कारण आमच्या बेंचवर ऑक्सिडेज रोज नायक्रोमनेच व्हायची; हाताला ती सवय बेंचनेच लावली होती. मग चूक वाचनाची की हाताची? तेव्हाची मी छातीठोक सांगत होते. आता तसं सांगता येत नाही.

विचारलंत तेवढं सांगते. बेंचसाठी बेली अँड स्कॉट. जंतू ओळखताना अडलात की कोनेमन, पण ते सलग वाचायला घेऊ नका. बुरशीला जगदीश चंदर. स्टूलच्या स्लाइड्ससाठी अमेरिकेच्या सीडीसीच्या डीपीडीएक्स या वेबसाइटवरची चित्रं, फुकट आहेत. आणि जंतूवर औषध लागू पडतं की नाही हे ठरवायचे निकष, म्हणजे सीएलएसआयचं एम100, चालू वर्षाचंच बघा, तेही ऑनलाइन फुकट वाचता येतं. सीनियरच्या नोट्स इथेच दगा देतात. 2020 च्या आवृत्तीत कॉलिस्टिन या अँटिबायोटिकची 'ससेप्टिबल' (औषध लागू पडतं) ही कॅटेगरीच काढली. उरलं इंटरमीजिएट आणि रेझिस्टंट. त्याआधीच्या नोट्स पाठ करून रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह, एस' लिहिलंत, तर एक्झामिनरला आयता विषय मिळतो. तिथेच डिस्क डिफ्यूजनचं नाव काढलंत तर दुसरा, कारण कॉलिस्टिनला ती पद्धत चालत नाही.

दुसऱ्या वेळी मी पास झाले. तेव्हा एक्सरसाइजला स्टॅफ ऑरियस आला होता. कॅटालेज, कोॲग्युलेज, झालं. ऑक्सिडेज लागलीच नाही. लाकडी काडी खिशात होती, तशीच परत आणली. म्हणजे मी सुधारले की सोपा जंतू वाट्याला आला, याचा निकाल लागलेला नाही.

पीडीएफ हवीच असेल तर पाठवते. नापास होण्याआधी लिहिलेल्या नोट्स आहेत. ऑक्सिडेजवर दीड ओळ आहे, लूपचा उल्लेख नाही. मी ती अजून दुरुस्त केलेली नाही.