तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हंगर गेम्स’ पोरींना द्यावं का?

बेळगावच्या वडगावात माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला आठवी ते दहावीच्या मुली येतात. कपाटातलं ‘द हंगर गेम्स’ सतत कुणाच्या तरी दप्तरात असतं. मग एखादी आई दारातच विचारते, ‘बाई, पोरगी रात्रभर तेच वाचालीय. पोरं एकमेकाला मारतात म्हणे त्यात. बरं आहे का ते?’ शेजारच्या मागाच्या खडखडाटात धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मारतात, हे खरं. सुझॅन कॉलिन्सबाईंची ही कादंबरी २००८ची. पॅनेम नावाचा देश, ऐषारामात लोळणारी राजधानी कॅपिटल, आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा, एक मुलगी उचलायची. चोवीस जणांना रिंगणात सोडायचं, एकच उरेपर्यंत. आणि ते सगळं टीव्हीवर.

पण माझ्या मुली अडकतात त्या मारामारीत नव्हे, धान्यात. गरीब मुलांनी चिठ्ठीत जादा नाव घातलं तर एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल मिळतं. नायिका कॅटनिस बाराव्या वर्षी आई, बहीण आणि स्वतःसाठी तीन नावं जादा घालते. सक्तीचं एक धरून चार. दरवर्षी आणखी चार, जुनी तशीच राहतात; सोळाव्या वर्षी वीस. एका मुलीने हे वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि विचारलं, ‘म्हणजे बाई, रेशनला अंगठा लावला की चिठ्ठीत नाव पण?’ घरात अन्नभाग्यचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशन योजनेचा तांदूळ येतो तिच्या. भूक आणि सत्ता यांचा हिशेब इतका सोपा करून सांगणारं दुसरं पुस्तक मी तरी मुलींच्या हातात दिलेलं नाही.

भाषा सोपी, वाक्यं छोटी. मराठी माध्यमातली मुलगीही डिक्शनरी न उघडता पन्नास पानं ओलांडते.

आता खोट सांगते. कॉलिन्सबाई नायिकेला फार सांभाळतात. आपल्याला लळा लागतो त्या छोट्या रूचा जीव दुसऱ्याच मुलाच्या भाल्याने जातो. कॅटनिसला जीवदान देणारा थ्रेश आपल्या नजरेआड मरतो. तिच्या बाणाला समोर येतात ते बहुतेक आधीच नावडते झालेले. पेच घट्ट होतो, आणि गाठ कुणीतरी परस्पर सोडवून जातं. प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल मी बोलत नाही. मुली बोलतात, पुष्कळ.

मला जास्त खटकतो तो नकाशा. बारावा जिल्हा कोळशाचा, अकरावा शेतीचा, आठवा कापडाचा. एका मुलीने आपलाही तसा नकाशा काढला: निपाणी तंबाखू, गोकाक सूत, खानापूर कौलं, वडगाव साड्या. मग तीच म्हणाली, ‘कुंदा कुठं घालू?’ (कुंदा म्हणजे आमची बेळगावची मिठाई.) आमच्या एका बोळात मराठी, कन्नड, उर्दू ऐकू येते, आणि दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. पॅनेममध्ये मात्र सगळ्यांची बोली एकच. कॅपिटलवाले ‘स’ फुसकारून बोलतात म्हणून कॅटनिस त्यांची नक्कल करते, तेवढाच काय तो फरक. (ते पान मुली मोठ्याने वाचतात, पुण्याच्या मावशीच्या आवाजात.) जिल्ह्याजिल्ह्यांत कुंपणं आहेत, पण कुंपणाला खेटून दोन्हीकडचं बोलणारं माणूस कुठेच नाही. १९५६पासून सीमेचा वाद ऐकत आलेल्या गावात बसून वाचताना हे जाणवतंच.

तर हो, वाचू दे तिला. या मालिकेचा तिसरा भाग मागितला तर आधी माझ्याकडे पाठवा, तो जड आहे. आणि आमची प्रत रबरबँड लावूनच परत द्या, रूच्या मरणाची पानं सुटलीत.