भांड्याखालची बिलं

नागपूरच्या महाल भागात आमच्या बाबांचं छपाईचे ब्लॉक करायचं दुकान होतं. लग्नपत्रिकेतला गणपती, जाहिरातीतली शिलाई मशीन, सगळं जस्ताच्या पत्र्यावर. ॲसिडनं भोवतालचं जस्त खाल्लं की रेघ वर उभी राहायची. म्हणून इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १७९२ सालचं चित्र पाहताना माझी नजर आधी रेघांवर गेली. त्याचं काम तांब्यावरचं आणि आमच्या उलट: रेघ खोल जाते, शाई त्या खाचेत बसते. काय हात होता त्या माणसाचा!

चित्रात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झालेला चौथा जॉर्ज, जेवण उरकून खुर्चीत रेललाय. काट्यानं दात कोरतोय. पोटावर वेस्टकोट कसाबसा एका बटणावर टिकलाय. खाली दारूच्या रिकाम्या बाटल्या, जुगाराचे फासे. फळीवर गुप्तरोगाची औषधं. आमच्याकडे मारबतीच्या मिरवणुकीत बडग्याच्या पुतळ्याच्या गळ्यात पाटी असते ना, तसं गिलरेनं जागोजागी लिहूनही ठेवलंय.

लोक त्या पोटाबद्दलच बोलतात. मी अडकले खुर्चीच्या मागे. तिथे मुताचं तुडुंब भरलेलं भांडं आहे आणि त्याखाली कागद दाबलेत. मोठं करून वाचले. कोंबडीवाल्याचं बिल, खाटकाचं बिल, पाववाल्याचं बिल. चुकती न केलेली.

बाबांच्या टेबलाशेजारी बिलांची तार लटकायची. शहरातल्या एका बड्या घरच्या लग्नाच्या पत्रिकेचे ब्लॉक बाबांनी दोन रात्री जागून केले होते. पैशासाठी ते तीनदा त्या बंगल्यावर गेले. तिसऱ्यांदा मीही सोबत होते, सायकलच्या दांडीवर बसून. फाटकावरचा माणूस म्हणाला, "साहेब जेवून आराम करून राहिले, मग या." बाबा परत कधी गेले नाहीत.

१७९५ पर्यंत या राजपुत्राचं कर्ज ६ लाख ३० हजार पौंडांवर गेलं होतं. आणि तो राजा झाल्यावर, १८२० साली, जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला १०० पौंड दिले गेले. महाराजांना अनैतिक प्रसंगात दाखवायचं नाही, या अटीवर. चित्र थांबवायला रोकड होती. याचा मला आजही संताप येतो.

दुकान आवरलं तेव्हा ती तार मी घरी आणली. ते बिल त्यात आहे, अगदी तळाशी. बाबांनी कोपऱ्यात निळ्या शाईनं 'बाकी' लिहिलंय.