दोन फूट मागणारा उमेदवार

2025 च्या 2 डिसेंबरला नगरपालिकेचं मतदान झालं, 3 ला निकाल होता, तर ऐन टायमाला कोर्टाचा आदेश आला की सगळीकडचे निकाल एकदमच 21 ला लावा. म्हणजे आता मशीन कुलपात आणि गाव टपरीवर. जो तो बेरजा करायलाय, कोणत्या गल्लीतून कुणाला किती, कोण कुणाला घेऊन पडणार. मी पण दुकानात बसून तेच ऐकायलोय. म्हटलं डोक्यात ताजं हाय तोवर लिहून टाकावं, कारण आमचा एक दोस्त यंदा नगरसेवकाला उभा होता आणि असला प्रचार मी तरी जन्मात बघितला नव्हता.

गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाकडचं टोक समजा, जिथं बाजाराच्या दिवशी मराठी, बंजाऱ्यांची गोरमाटी, तेलुगू, दखनी आणि गोंडी अशा पाच भाषांत घासाघीस चालते. आमचा हा किनवटकडचा पट्टा 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळं निम्म्या गावाचे सोयरे अजून तिकडंच. दोस्त गोंड आहे. नागोबाच्या जत्रेला आदिलाबादकडच्या केसलापूरला दरवर्षी जाणार म्हणजे जाणारच, त्या दोन-तीन दिवसांत त्याला फोन करायचा नाही.

धंदा म्हणाल तर काळीपिवळी. पंधरा वर्षं झाली, गाव ते गुडे आणि पोडं, म्हणजे गोंड-कोलामांच्या वस्त्या. नऊ सीटच्या गाडीत पंधरा माणसं, वर टपावर कोंबड्या, मागं लटकलेली पोरं. आणि हा माणूस गावातली गर्दी कमी करायला उभा राहिला! पहिल्या दिवशी टपरीवर सगळे हसले, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. तो म्हणला, "अरे मी भरतो म्हणून तर मला माहीत हाय ना, कुठं माणूस गुदमरतो ते."

त्याच्या घराची जागा म्हणजे जुना गुडा. आजूबाजूला शेतं होती, मोहाची झाडं होती, आम्ही शाळेत असताना सकाळी मोहफुलं वेचायला बाया दिसायच्या. मग एनए झालं, प्लॉटिंग झालं, बाहेरून नोकरदार आले, खेड्यातले लोक पोरांच्या शिकवणीसाठी येऊन राहिले, आणि गुडा गावाच्या पोटात गेला. आता त्यांच्या पेनठाण्याला, म्हणजे देवाच्या जागेला, जायला एक बोळ आहे. त्यात समोरून मोटरसायकल आली तर एकानं मागं सरकावं लागतं. एक मोह उरलाय, त्याच्या बुडाला कुणीतरी सिमेंटचा ओटा बांधून फ्लेक्स लावलाय.

पण तो उभा राहिला ते ह्याच्यामुळं नाही. दिवाळीतल्या दंडारीमुळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवाळीच्या दिवसांत गोंडांची दंडार निघते, ढोल वाजतात, घुसाडी नाचतात, अंगाला राख, डोक्यावर मोरपिसांचा मोठा थोरला टोप. तो टोप म्हणजे शोभेची वस्तू नाही हां, त्याची पूजा असते, तो देवासारखा जपतात. आधी दंडार बाजार रोडनं सरळ जायची आणि दुकानदार दुकानाबाहेर येऊन नारळ द्यायचे. ह्या वर्षी रस्त्यात दोन्ही बाजूला गाड्या, हातगाडे, वर नेट आणि केबलच्या वायरी. घुसाडी वाकून, तिरके होऊन, एकामागं एक चाललेले. आणि एकाचा टोप अडकला. मोरपिसं काडकन मोडली. ढोल थांबले.

कुठं अडकला विचारा. माझ्या दुकानाच्या पत्र्याला.

झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे माझं, वडलांच्या टायमाला किराणा होता. पुढचा ओटा अण्णांनीच बांधला, नालीच्या वर, आणि त्याच्यापुढं मी पाच वर्षाखाली पत्र्याचं शेड काढलं, गिऱ्हाइकाला ऊन लागू नये म्हणून. सगळ्यांनीच काढलंय. कुणी काही बोललं नाही त्या दिवशी, म्हातारे लोक नुसती पिसं वेचत होते माझ्या ओट्यासमोर वाकून, आणि मी लाज वाटून आत प्रिंटरमध्ये कागद घालत बसलो. तुम्ही असतात तर काय केलं असतं माहीत नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी हा आला कागदं घेऊन. फॉर्म भर म्हणला. प्रभागातली एक जागा अनुसूचित जमातीला सुटलेली. फॉर्म मीच भरून दिला. जंगम मालमत्तेत एक जीप, तिच्यावर फायनान्स. पक्षाचं तिकीट नव्हतं, अपक्ष. आणि अपक्षाला चिन्ह मिळालं 26 नोव्हेंबरला, प्रचार बंद 1 डिसेंबरच्या रात्री 10 ला. सहा दिवसांत कपबशी घराघरात पोचवायची होती! पॅम्फ्लेट पण मीच छापले, उधारीवर, अजून आले नाहीत पैसे.

आता प्रचार. बाकीचे लोक काय करतात, रस्ता देतो, नळ देतो, सभागृह देतो, आणि रात्री काय देतात ते सगळ्यांना माहीत. हा टेप घेऊन फिरायचा. मिस्त्रीकडं असतो तो पिवळा टेप. दारात उभा राहायचा, जय सेवा, राम राम, सलाम, जसं घर तसं, आणि म्हणायचा, "काका, तुमच्याकडून दोन फूट पाहिजे." मत नाही मागायचा आधी. टेप लावून दाखवायचा, ही तुमची हद्द, ही नाली, हा तुमचा ओटा. खडूनं रेघ मारायचा. उमेदवार दारात येऊन तुमचं अतिक्रमण मोजतोय हे कुणाला सहन होईल हो? एका माणसानं टेप हिसकावून घेतला, एक बाई अशी भांडली की मला दुकानातून ऐकू आलं.

तरी लोक ऐकायचे, ह्याचं कारण ऑगस्ट. यंदा ऑगस्टात आमच्या जिल्ह्यात जो पाऊस पडला तो सगळ्यांनी बघितलाय, मुखेडकडची गावं पाण्यात गेली. आमच्याकडं तसं काही झालं नाही, पण बाजार रोडचं पाणी घरात शिरलं ते शिरलंच, कारण नालीवर सगळ्यांचे ओटे, उपसायला फावडं घालायला जागा नाही. माझ्या दुकानात खालच्या फळीवरचे कागदाचे रिम भिजून पाव झाले होते.

हातगाडीवाल्यांना मात्र त्यानं हात लावला नाही, उलट त्यांचीच बाजू घेतली. दुकानदार म्हणायचे आधी त्या गाड्या हाकल. हा खिशातून 2014 च्या पथविक्रेता कायद्याची झेरॉक्स काढायचा (माझ्याच दुकानातली), सर्व्हे केल्याशिवाय हाकलता येत नाही, नगर पथविक्रेता समिती पाहिजे, तिच्यात 40 टक्के त्यांचीच माणसं पाहिजेत. पोडावरून येणाऱ्या कोलाम बाया डिंक, चारोळी, सीताफळ घेऊन पार नालीच्या काठावर बसतात, त्यांना आधी हक्काची जागा द्या, मग गर्दीचं बोलू, असं त्याचं म्हणणं. मला हे पटलं. पण धंदेवाल्यांच्या ग्रुपवर ह्याच्यावरून त्याला लई शिव्या बसल्या.

अजून एक गोष्ट तो कायम बोलायचा. आदिवासी भागातल्या खेड्यात पेसा आहे, ग्रामसभेला विचारल्याशिवाय पान हलू नये असा 1996 चा कायदा तरी आहे. तेच खेडं वाढून नगरपालिका झालं की ग्रामसभा गेली. आणि वॉर्ड कमिटी कायद्यानं कंपल्सरी तीन लाखाच्या वरच्या शहरांना. आम्ही ना खेडं ना शहर. म्हणून तो म्हणायचा निवडून आलो तर महिन्याला एकदा मोहाखाली बसायचं, ज्याला जे बोलायचं ते बोला, मी वहीत लिहीन. आता हे कितपत होईल मला शंका आहे, पहिल्या दोन महिन्यानंतर तो आणि त्याची जीप दोघंच राहतील तिथं.

अडचण अजून एक होती आणि ती मोठी होती. हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदींचा, विषय निघाल्यापासून बंजारा समाजाचे एसटीसाठी मोर्चे आणि त्याच्या विरोधात आदिवासींचे मोर्चे, आमच्याकडं वातावरण टाईट आहे. आणि प्रभागात बंजारा मतं भरपूर. एका तांड्याकडच्या नायकानं त्याला सरळ विचारलं, तू आमच्या बाजूचा का विरोधातला? तो म्हणला मोर्चाला गेलो होतो, विरोधातल्या. नाली तरी दोघांची एकच हाय का नाही ते सांगा. नायक हसला. मत दिलं का नाही ते देवाला माहीत.

मतदानाला एकाला तीन बटणं, दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष, तिथंच लोकांचा गोंधळ. आमची मावशी दोनच दाबून निघाली होती, परत बोलावलं.

मी त्याला मत दिलं. अण्णांनी दिलं का ते सांगत नाहीत. खडूची रेघ आमच्या ओट्यावर अजून आहे, अण्णा रोज सकाळी पाणी मारतात तरी थोडी दिसतीच. परवा मी वेल्डिंगवाल्याला बोलावलं, पत्रा दोन फूट कापायचे किती घेशील म्हणून. नेमका तेव्हाच हा ओट्यावर बसून चहा पीत होता, गाडी भरायची वाट बघत. अण्णा आतून म्हणले, "कशाला घाई? 21 तारखेपर्यंत थांब. हा पडला तर कापायची गरज काय?"

वेल्डिंगवाला माझ्याकडं बघायला लागला. हा बशीतला चहा संपवून म्हणला, "अण्णा, पडलो तर दोनच कापा. आलो तर चार कापावे लागतील." आणि गाडीत अजून तीन सीट बाकी आहेत का बघायला उठून गेला.