लिनिएजवाल्या फोनची प्रगती: नॉनफ्री (बंद) अ‍ॅपला जागा कुठे द्यायची?

आधी फोनची स्थिती. जुन्या रेडमीवर लिनिएज-ओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली) फ्लॅश केलंय, म्हणजे कंपनीच्या प्रणालीच्या जागी बसवलंय; गॅप्स, म्हणजे गुगलची अ‍ॅप्स, टाकलेले नाहीत. कॉल, कॅमेरा, ब्लूटूथ सगळं नीट चालतंय आणि बॅटरी आधीपेक्षा जास्त टिकते. बाकी गरज एफ-ड्रॉइड, म्हणजे मुक्त अ‍ॅप्सचं भांडार, भागवतंय. मराठी टायपिंगला इंडिक कीबोर्ड, व्हिडिओला न्यूपाइप, नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या काही बोळांची नावं नकाशात नव्हती, ती त्या नकाशाचा आधार असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर भरत चाललोय.

अडतंय ते पैशांपाशी. लक्ष्मीपुरीत भाजी घ्या नाहीतर महाद्वार रोडला चहा प्या, समोर क्यूआर कोड असतोच. *९९# लावून पैसे पाठवता येतात, इंटरनेटही लागत नाही. पण त्यात कोड स्कॅन होत नाही, आणि मागं गिऱ्हाईक ताटकळत असताना भाजीवाल्या मावशींना मोबाइल नंबर विचारत बसणं बरं वाटत नाही.

म्हणून शेल्टर नावाचं अ‍ॅप टाकलं. ते अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल वापरून फोनमध्ये वेगळा कप्पा करतं. ऑरोरा स्टोअर (प्ले स्टोअरवरची अ‍ॅप्स गुगल खात्याविना उतरवणारं), मायक्रो-जी (गुगलच्या सेवांचा मुक्त पर्याय) आणि एक यूपीआय अ‍ॅप फक्त त्या कप्प्यात आहेत. माझे संपर्क आणि फोटो त्यांना दिसत नाहीत, आणि काम झालं की अख्खा कप्पा गोठवता येतो. हे जमलंय. बँकेचं अ‍ॅप मात्र बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, वेगळी प्रणाली टाकायला तो उघडावा लागतो) अनलॉक दिसला की उघडायलाच तयार नाही. पैसे माझे, फोन माझा, आणि त्यात काय चालावं हे ठरवणार तिसराच. याची मला मनापासून चीड आहे.

आता आपल्यात चाललेल्या वादाबद्दल. मुक्त प्रणालीने (जिचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो) नॉनफ्री अ‍ॅप्सची सोय स्वतःहून द्यावी का? माझं मत: चालवू द्यावं, पण शिफारस करू नये. एफएसएफची (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची) मार्गदर्शक तत्त्वंही, वितरणाने, म्हणजे तयार प्रणाली देणाऱ्याने, लोकांना नॉनफ्री सॉफ्टवेअरकडे वळवू नये, असंच सांगतात. त्या वाटेने शेवटपर्यंत गेलेला प्रकल्प म्हणजे २०१० पासूनचा रेप्लिकंट, अँड्रॉइडची पूर्ण मुक्त आवृत्ती. गॅलेक्सी एस ३ वर त्याचं वायफाय बंद फर्मवेअरअभावी (चिपमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरअभावी) आपसूक चालत नाही, तरी त्यांनी ते फर्मवेअर सोबत दिलं नाही. मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर आहे. पण तो फोन मी आईच्या हातात देऊ शकत नाही.

लिनिएजमध्येही मोडेम-कॅमेऱ्याचे बंद ब्लॉब (कोड न दिलेल्या तयार फाइल्स) असतातच, तेव्हा सोवळं कुणाचंच पूर्ण नाही. शिवाय रॉम (फोनवर टाकायची प्रणाली) आणि गॅप्स वेगवेगळे ठेवण्याची रीत तत्त्वातून आलेली नाही. २००९ मध्ये गुगलने सायनोजेनला (लिनिएज ज्यातून आलं त्या प्रणालीच्या कर्त्याला) कायदेशीर नोटीस पाठवली, त्यातून ती आली. आली तशी, पण तिचा फायदा मोठा झाला: गुगल हवं की नको हे प्रत्येकाला स्वतः ठरवावं लागलं. डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीनेही २०२२ च्या मतदानानंतर बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेतलं, पण त्याचा विभाग वेगळा ठेवला आणि काय बसवलं ते वापरणाऱ्याला सांगायचं ठरवलं. एफ-ड्रॉइड तर ऑरोरासारखं अ‍ॅपही ठेवतं, कारण ते स्वतः मुक्त आहे. जे अ‍ॅप नॉनफ्री सेवेवर विसंबतं, त्याच्या पानावर तसा इशारा दिलेला असतो.

मला प्रणालीकडून एवढंच हवंय. शेल्टरसारखा कप्पा मुळातच असावा, तो रिकामा असावा, आणि आत काय टाकायचं ते मी ठरवावं. मुक्त आणि बंद अ‍ॅप्स एकाच यादीत शेजारी-शेजारी मांडली, तर नव्याने आलेल्याला फरक कळणार कसा? आणि फरक कळला नाही, तर उद्या बंद अ‍ॅपला मुक्त पर्याय लिहायची गरज कुणाला वाटणार?

पुढचं काम ग्राफीन-ओएस, ही अँड्रॉइडवर आधारलेली दुसरी मुक्त प्रणाली. त्यात गुगलच्या प्ले सर्व्हिसेस कोणत्याही खास अधिकाराविना, साध्या अ‍ॅपसारख्या चालतात आणि त्या हव्या असतील तर आपणच बसवायच्या. पण ते फक्त गुगलच्या पिक्सेल फोनवर चालतं. कोल्हापुरात कुणाकडे पडून असलेला, अजून अपडेट मिळणारा पिक्सेल असेल तर चार दिवस द्या. बँकेचं अ‍ॅप त्यावर उघडतंय का ते पाहून पुढच्या नोंदीत लिहितो.